इटलीचं उन्हाळी वेळापत्रक

ऑगस्टच्या मध्यावर रोमच्या एखाद्या निवासी वस्तीत चक्कर मारली, तर अनेक दुकानांच्या शटरवर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला दिसतो : सुट्टीनिमित्त बंद. चप्पल शिवणारा, न्हावी, कोपऱ्यावरचा पाववाला, सगळे समुद्रावर नाहीतर डोंगरात गेलेले. १५ ऑगस्ट हा ‘फेर्रागोस्तो’चा दिवस. सम्राट ऑगस्टसने इ. स. पूर्व १८ मध्ये या महिन्यात सुट्टी सुरू केली, पुढे चर्चने मेरीमातेच्या स्वर्गारोहणाचा सण तिच्याशी जोडला आणि ही दोन हजार वर्षांची रजा आजही देशभर पाळली जाते. नेमके त्याच आठवड्यात जगभरचे प्रवासी सकाळी अकरा वाजता रोमन फोरमच्या तापलेल्या दगडांवर सावली शोधत उभे असतात. संध्याकाळी सहाला त्यांना भूक लागते, तेव्हा बऱ्याच उपाहारगृहांची दारं बंद असतात. रात्री नऊला ते दमून खोलीत आडवे होतात आणि त्याच वेळी खाली चौकात अख्खं गाव उतरतं.

इटलीचा उन्हाळा त्रासाचा होतो तो बहुतेक वेळा या चुकलेल्या घड्याळामुळे. तिथल्या लोकांनी शतकानुशतकं उन्हाशी जुळवून घेत इमारती बांधल्या, जेवणाच्या वेळा ठरवल्या, सण लावले. ती व्यवस्था ध्यानात घेऊन सहल आखली, तर इतिहास, जेवण आणि लोकजीवन या तिन्ही गोष्टी एकाच दिवसात नीट बसतात.

महिना कोणता?

महाराष्ट्रातल्या कुटुंबांना इथे एक फायदा आयताच मिळतो. आपल्या शाळांची सुट्टी मे महिन्यात ऐन भरात असते, तर इटलीतल्या शाळा जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुटतात. म्हणजे मे आणि जूनचा पहिला पंधरवडा या काळात इटालियन कुटुंबं अजून बाहेर पडलेली नसतात, ऊन सोसवणारं असतं आणि दिवस मोठा असतो. जूनअखेरीस रोममध्ये सूर्य पावणेनऊनंतर मावळतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पारा पस्तिशीच्या पुढे सहज जातो. ११ ऑगस्ट २०२१ रोजी सिसिलीतल्या सिराकुसाजवळ ४८.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. युरोप खंडातला तो उच्चांक आहे. तरीही अनेक जण मुद्दाम जुलै-ऑगस्ट निवडतात, कारण सर्वांत मोठे सण त्याच दोन महिन्यांत येतात. व्हिसाची तयारी मात्र लवकर सुरू करावी. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर अर्ज केंद्रांत भेटीची वेळ मिळणं अवघड जातं.

सकाळ : उघड्यावरचा इतिहास

छप्पर नसलेलं सगळं सकाळीच पाहून घ्यावं, हा पहिला नियम. कोलोसियम या यादीत सर्वांत वर. सम्राट व्हेस्पेशियनने सुरू केलेलं हे बांधकाम त्याचा मुलगा टायटस याच्या कारकिर्दीत, इ. स. ८० मध्ये खुलं झालं. प्रेक्षकांना ऊन लागू नये म्हणून वरच्या कडेला २४० लाकडी खांब उभारून त्यांवरून कापडी छत ताणलं जाई आणि ते सांभाळायला मिसेनमच्या आरमारातले खलाशी नेमलेले असत. शिडं आणि दोर हाताळायची सवय त्यांनाच होती. आज ते छत नाही, म्हणून पहिल्याच वेळेचं तिकीट घ्यावं. तिकिटावर नाव असतं, त्यामुळे पासपोर्ट जवळ हवा. त्याच तिकिटात फोरम आणि पॅलेटाइन टेकडीही येते. टेकडीवर झाडं आहेत, तेव्हा ती शेवटी ठेवावी.

पोम्पेईसाठी नेपल्समध्ये मुक्काम करावा. उपनगरी गाडी शहरातून पाऊण तासाच्या आत अवशेषांच्या दारात सोडते. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे शहर ६६ हेक्टरांवर पसरलेलं आहे आणि त्यातलं सुमारे दोनतृतीयांश आजवर उकरलं गेलं आहे. उद्रेकाची पारंपरिक तारीख २४ ऑगस्ट. पण २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरमधली तारीख सापडली, तेव्हापासून अनेक अभ्यासक हा प्रसंग शरद ऋतूतला मानतात. रस्त्यांवरच्या गाडीच्या चाकोऱ्या, पाणी साचलं तर ओलांडायला टाकलेले उंच दगड, आणि गरम खाणं विकणाऱ्या दुकानांचे ओटे, त्यांत बसवलेले मातीचे रांजण, हे सगळं पाहताना तीन-चार तास सहज जातात. सावली जवळजवळ नाही. शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजार लोकांचीच मर्यादा आहे. सकाळी नऊला आत आणि साडेबाराला बाहेर, हे इथलं योग्य गणित.

पाणी विकत घेत बसायची गरज नाही. रोममध्ये सुमारे अडीच हजार ‘नासोनी’, म्हणजे लोखंडी सार्वजनिक नळ आहेत. १८७४ पासून ते बसवले गेले. पाणी अखंड वाहतं, थंड असतं आणि पिण्याजोगं असतं. खालचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, तिला तोंड लावायचं. ट्रेव्ही कारंज्यालाही पाणी पुरवणारा जलमार्ग मुळात अग्रिप्पाने इ. स. पूर्व १९ मध्ये बांधलेला. डागडुजी होत होत तो आजही वाहतो आहे.

दुपार : जाड भिंती, तळघरं, वामकुक्षी

बारा ते चार हा इटलीतला मोकळा काळ. छोट्या गावांत दुकानं बंद होतात, बहुतेक चर्चही दुपारी दारं लावून घेतात. एक तर जेवून वामकुक्षी करावी, नाहीतर उन्हाला हरवण्यासाठीच बांधलेल्या जागा पाहाव्यात.

रोममधलं पँथिऑन त्यांतलं अव्वल. हेड्रियनच्या काळात, इ. स. १२६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या देवळाचा घुमट ४३.३ मीटर व्यासाचा आहे आणि त्यात लोखंडाची सळई नाही. काँक्रीटचा, सळई नसलेला इतका मोठा घुमट आजवर दुसरा झालेला नाही. माथ्यावर सुमारे ९ मीटरचं उघडं छिद्र आहे. त्यातून येणारा उजेडाचा गोल हिवाळ्यात वर घुमटावरच राहतो, जूनमध्ये मात्र भर दुपारी फरशीवर उतरतो. म्हणून पँथिऑन दुपारी बाराच्या आसपास पाहावं. इथे २०२३ पासून तिकीट आहे.

कोलोसियमपासून दहा मिनिटांवर सान क्लेमेंते चर्च आहे. वरचं बाराव्या शतकातलं. त्याखाली चौथ्या शतकातलं दुसरं चर्च आणि त्याच्याही खाली रोमन इमारती व मिथ्र देवाचं देऊळ. एकेक जिना उतरताना काही शतकं मागे जावं लागतं आणि तळाशी भूमिगत पाण्याचा आवाज ऐकू येतो. रोमचा इतिहास एकावर एक कसा रचला गेला, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही, आणि ती गार आहे. नेपल्समध्ये हीच सोय तिथलं पुरातत्त्व संग्रहालय करतं. पोम्पेईची मूळ भित्तिचित्रं आणि मोझेक इथे आणून ठेवली आहेत, त्यामुळे सकाळी घरं आणि दुपारी त्या घरांच्या भिंती, अशी जोडी जमते. मंगळवारी हे संग्रहालय बंद असतं. फ्लोरेन्सच्या उफित्झीची सुट्टी सोमवारी असते.

रोम आणि फ्लोरेन्सच्या मध्ये ऑर्व्हिएतो हे कड्यावरचं गाव लागतं. १५२७ मध्ये रोमची लूट झाली, तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला आणि वेढा पडला तर पाणी असावं म्हणून त्याने विहीर खणवली. सांगाल्लो या वास्तुरचनाकाराने ५३ मीटर खोल विहिरीभोवती दोन स्वतंत्र चक्री जिने बांधले, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे. पाणी आणणारी खेचरं एकाने उतरत आणि दुसऱ्याने चढत, समोरासमोर कधी येत नसत. खाली जाताना हवा अंगाला गार लागू लागते.

पालेर्मोतला झिसा महाल तर थेट उन्हाळ्यासाठीच बांधलेला. बाराव्या शतकात सिसिलीवर नॉर्मन राजांचं राज्य होतं, पण कारागिरी आणि राहणी अरबांकडून आलेली. तळमजल्यावरच्या दालनात कारंज्याचं पाणी पाटांतून वाहत बाहेरच्या तळ्यात जाई आणि त्यावरून येणारी हवा वरच्या मजल्यांत फिरे. पालेर्मोतल्या अरब-नॉर्मन वास्तूंना २०१५ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. झिसा महालही त्यांत आहे. रोमजवळच्या तिव्होलीत, सोळाव्या शतकातल्या व्हिला देस्ते या कार्डिनलच्या वाड्याच्या बागेतली शेकडो कारंजी अशाच हुशारीची. पंप नाही; नदीचं पाणी वरून आणून निव्वळ उताराच्या जोरावर उडवलेलं.

ताटातला उन्हाळा

इटालियन जेवण प्रदेशाप्रमाणे बदलतं हे बहुतेकांना ठाऊक असतं. ते ऋतूप्रमाणे तितकंच बदलतं. उन्हाळ्यात जाणाऱ्याने हिवाळ्याचे पदार्थ मागू नयेत. तोस्कानात शिळा पाव भिजवून, त्यात टोमॅटो, कांदा, काकडी आणि तुळशीच्याच जातीचं बॅसिल घालून केलेली थंडगार पांझानेला मिळते. रोममध्ये लाल भोपळ्याच्या नात्यातल्या झुकिनीची फुलं भरून तळतात. बऱ्याचदा आत अँचोव्ही मासा असतो, शाकाहारींनी आधी विचारावं. जेनोवाच्या किनाऱ्यावर बॅसिलची पानं, चिलगोजे, लसूण, मीठ, चीज आणि ऑलिव्ह तेल संगमरवरी खलात कुटून पेस्तो करतात आणि पास्त्याबरोबर बटाटा व फरसबीवर घालतात. तिथेच बेसनाचा फारिनाता मोठ्या तव्यावर भट्टीत भाजतात, तर पालेर्मोत बेसनाच्याच तळलेल्या पानेल्ले पावात घालून रस्त्यावर विकतात. दोन्ही पूर्ण शाकाहारी आणि स्वस्त.

सिसिलीच्या कापोनातामध्ये वांगं, सेलरी, ऑलिव्ह आणि केपर आंबटगोड रसात मुरवलेले असतात. वांगं दक्षिण आशियाच्या बाजूचं; अरबांमार्फत ते भूमध्यसागरी प्रदेशात पोहोचलं. लिंबू आणि ऊसही त्यांनीच सिसिलीत रुजवला. साखर, लिंबू आणि एटना पर्वतावरच्या खड्ड्यांत उन्हाळ्यापर्यंत साठवलेला बर्फ, यांतून ग्रानिता जन्माला आला. सिसिलीत तो न्याहारीला खातात, मऊ ब्रियोशचा तुकडा मोडून त्यात बुडवत. बदाम, कॉफी, लिंबू हे स्वाद नेहमीचे. तुतीचा मिळाला तर सोडू नये.

दक्षिणेतल्या गावांत ऑगस्ट म्हणजे टोमॅटोचा महिना. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी पापड-कुरडयांची वाळवणं पडायची, तशी तिथे सगळी भावकी जमते, पिंपात टोमॅटो उकळले जातात, गाळले जातात आणि वर्षभराच्या बाटल्या भरल्या जातात. सिसिलीत हाच रस लाकडी फळ्यांवर पसरून उन्हात आटवतात, त्याचा घट्ट गडद ‘स्त्रात्तू’ होतो. शेतावरच्या मुक्कामाच्या घरात, म्हणजे ‘आग्रितुरिस्मो’त ऑगस्टमध्ये उतरलात, तर हे काम डोळ्यांसमोर होताना दिसू शकतं.

नेपल्समध्ये पिझ्झा खायचा तो भट्टीसमोर. ४५० अंशांच्या आसपास तापलेल्या लाकडाच्या भट्टीत तो जेमतेम दीड मिनिट राहतो. या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये अमूर्त वारशाचा मान दिला. जेलातोच्या दुकानात ढीग रचलेले भडक रंग दिसले तर पुढे जावं. चांगल्या पिस्त्याच्या जेलातोचा रंग मळकट हिरवा असतो, आणि तो बहुधा झाकणाच्या भांड्यात ठेवलेला सापडतो.

शाकाहारींसाठी एक सूचना महत्त्वाची. पार्मेझान चीजमध्ये नियमानुसार वासराच्या जठरातलं रेनेट वापरलं जातं, आणि पेस्तोत, पास्त्यावर, सुपात ते सर्रास असतं. एमिलिया-रोमान्या भागातल्या पियादिना या पोळीत परंपरेने डुकराची चरबी असते. ज्यांना चालत नाही त्यांनी टोमॅटोचा साधा पास्ता, फारिनाता, पानेल्ले, कापोनाता आणि चीज नसलेला मारिनारा पिझ्झा लक्षात ठेवावा.

वेळांचा शिष्टाचारही आहे. कॅपुचिनो सकाळी, जेवणानंतर छोटा एस्प्रेसो, तोही काउंटरशी उभं राहून, कारण बसून प्यायला तर भाव वाढतो. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ लावलेला दिसला तर फसवणूक समजू नये, तो पाव आणि मांडणीचा आकार असतो. टिप सक्तीची नाही. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी क्वचितच मिळतं. त्याआधी सहा-सातला पेय आणि थोडं खारं तोंडात टाकायची ‘अपेरितिव्हो’ची पद्धत आहे, ती दोन जेवणांमधली पोकळी भरून काढते.

रात्र : चौक आणि रंगमंच

ऊन कललं की गावातले लोक ठेवणीतले कपडे घालून मुख्य रस्त्यावर सावकाश येरझाऱ्या घालतात. या ‘पास्सेज्जाता’साठी कुठेही जायचं नसतं, भेटणं, बघणं आणि दिसणं हाच उद्देश. आजीआजोबा बाकावर, पोरं फुटबॉलमागे, आणि हे रात्री अकरापर्यंत. सिएना, लेच्चे किंवा सिराकुसाचा ऑर्तिजिया भाग यासाठी उत्तम.

उन्हाळी रात्रीची मेजवानी व्हेरोनात असते. इथलं रोमन प्रेक्षागृह पहिल्या शतकातलं. १११७ च्या भूकंपात त्याची बाहेरची भिंत कोसळली, आता तिच्या चारच कमानी उभ्या आहेत. १९१३ मध्ये, संगीतकार व्हेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त, इथे त्याचा ‘आइदा’ हा ऑपेरा झाला आणि तेव्हापासून उन्हाळी महोत्सवाची परंपरा पडली. प्रयोग नऊनंतर सुरू होतो आणि मध्यरात्र ओलांडतो. वरच्या दगडी पायऱ्यांवरचं तिकीट सर्वांत स्वस्त. दगड दिवसभर तापलेले असतात, म्हणून गादी आणि पाणी बरोबर घ्यावं. ऑपेरा आधी कधी ऐकला नसेल, तर ‘आइदा’ किंवा ‘कार्मेन’पासून सुरुवात करावी. गोष्ट आधी वाचून गेलं की भाषेची अडचण फारशी राहत नाही. २०२३ मध्ये इटलीतल्या ऑपेरागायनालाही युनेस्कोची मान्यता मिळाली.

मे-जूनमध्ये जाणाऱ्यांसाठी सिराकुसाचं ग्रीक नाट्यगृह आहे. डोंगराच्या खडकात कोरलेल्या या पायऱ्यांवर १९१४ मध्ये ईस्किलसचं ‘अगामेम्नॉन’ सादर झालं. तिथपासून प्राचीन ग्रीक नाटकं इथे इटालियन भाषेत, सूर्य मावळत असताना रंगतात.

तारखेला बांधलेले सण

काही गोष्टी मात्र ठरल्या दिवशीच पाहता येतात. सिएनात २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओ ही घोड्यांची शर्यत होते. शहरात १७ ‘कोन्त्रादे’, म्हणजे पेठा आहेत. हंस, कासव, गोगलगाय, सुरवंट अशी त्यांची चिन्हं. दर वेळी दहाच पेठा धावतात. घोडे चिठ्ठ्या टाकून वाटले जातात आणि शर्यतीआधी घोड्याला पेठेच्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद दिला जातो. खोगीर नसतं. कांपो चौकाभोवती माती पसरलेली असते, तीन फेऱ्या दीड मिनिटाच्या आत संपतात, आणि स्वार पडला तरी एकटा घोडा जिंकू शकतो. बक्षीस म्हणजे रंगवलेलं रेशमी निशाण. चौकाच्या मध्यभागी उभं राहून पाहायला पैसे पडत नाहीत, पण कित्येक तास उन्हात उभं राहावं लागतं आणि मध्येच बाहेर पडता येत नाही. लहान मुलं बरोबर असतील, तर आदल्या दिवसांतल्या सरावाच्या फेऱ्या बघाव्यात.

त्याच २ जुलैला दक्षिणेत मातेरा या गुहाघरांच्या शहरात ब्रूनाचा उत्सव असतो. कागदाच्या लगद्याचा भव्य रथ मिरवून रात्री लोक त्यावर तुटून पडतात आणि तुकडे घरी नेतात. लगेच पुढच्या वर्षीच्या रथाची तयारी सुरू होते. व्हेनिसमध्ये जुलैच्या तिसऱ्या रविवारच्या आदल्या शनिवारी रेदेन्तोरेची रात्र. १५७५ ते १५७७ च्या प्लेगमध्ये शहराने सुमारे ५० हजार माणसं गमावली. साथ ओसरावी म्हणून केलेल्या नवसाचं चर्च पाल्लादिओने ज्युदेक्का बेटावर बांधलं. आजही त्या दिवसांत कालव्यावर तात्पुरता पूल टाकून लोक तिथे जातात, होड्यांमध्ये बसून आंबटगोड सार्डिन मासे खातात आणि मध्यरात्रीच्या सुमारास आतषबाजी बघतात.

मार्ग आखताना

दहा दिवसांत तीनपेक्षा जास्त मुक्काम करू नयेत. दुपारची विश्रांती आणि रात्रीचा चौक हे दोन्ही सामान बांधण्यात वाया जातात. रोम आणि नेपल्स ही जोडी इतिहासासाठी. वेगवान गाडीला सव्वा तासही लागत नाही. फ्लोरेन्स, सिएना, व्हेरोना, व्हेनिस हा पट्टा कला आणि सणांसाठी. सिसिली एकटीच दहा दिवस खाईल. मुख्य भूमीवरून रेल्वेने गेलात, तर मेसिनाच्या सामुद्रधुनीत अख्खी गाडी बोटीवर चढवली जाते. स्थानिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर दंड होतो. भाड्याच्या मोटारीने जुन्या शहरांत शिरू नये, रहिवाशांखेरीज इतरांना तिथे बंदी असते आणि दंडाची नोटीस पुढे भारतातल्या पत्त्यावरही येऊ शकते. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पिशवीत एक ओढणी असू द्यावी.

आणि सगळ्यात आधी, विमानाचं तिकीट काढण्यापूर्वी, एक तारीख ठरवावी : पालिओ, व्हेरोनाचा ‘आइदा’, रेदेन्तोरेची रात्र किंवा सिराकुसाचं नाटक. खोली, रेल्वे आणि जेवण त्या तारखेभोवती बसवणं सोपं असतं. उलट क्रमाने गेलं, तर सिएनात पोहोचेपर्यंत पालिका चौकातली माती उचलत असते आणि पुढच्या शर्यतीच्या चिठ्ठ्या निघायला कित्येक महिने बाकी असतात.